जाळीबाहेरचे ब्रिगेडियर

१२ मार्च. हळद शिजवायचा कुकर सकाळीच पेटवला होता, पहिला ड्रम भरून झाला होता, तेवढ्यात कामावरची गयाबाई बांधावरून उतरत आली आणि म्हणाली, "बिरगेडसाहेब गेले." कुठं गेले, असं मी विचारलं. अधूनमधून ते तपासणीला नांदेडला जात, म्हणून. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली, तेव्हा कळलं.

कुकर पेटलेला असताना सोडून जाता येत नाही. हळद अर्धवट शिजली की आतून कच्ची राहते, वाळताना काळी पडते आणि मोंढ्यात तिला कोणी विचारत नाही. मी वाफ नीट बसू दिली, काडी टोचून बघितली, ड्रम ताडपत्रीवर रिकामा करवून घेतला, बायांना कंद पसरायला लावलं आणि मग चपला घातल्या. वाईट वाटलं का, असं नंतर मला दोघा-तिघांनी विचारलं. तेव्हा काही वाटत नव्हतं. हात पिवळे झालेत, धुऊन जावं की तसंच, एवढंच डोक्यात होतं. तशीच गेले.

साहेबांचं घर माझ्या बांधाला लागून. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरून आत वळलं की आधी आमचं वावर, मग बांध, आणि बांधापलीकडं त्या दोघा भावांची वस्ती. दोन खोल्या साहेबांच्या, दोन थोरल्या किसनदादांच्या, मध्ये लिंबाचं झाड आणि पुढं रात्री मेंढरं कोंडायची जाळी. दोघांच्याही बायका आधीच गेलेल्या. दादांचा मुलगा हैदराबादला, साहेबांची मुलगी मीरा पुण्याला. लष्करात ब्रिगेडियर झालेला माणूस निवृत्तीनंतर पुण्यात राहतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हा माणूस मेंढरांपाशी येऊन राहिला. गावानं वर्षभर त्याचं कारण शोधलं आणि मग नाद सोडला.

दिसायला ते बेताचेच होते. उंची मध्यम, डोक्यावर केस कमी, चालणं मात्र असं की लांबून कळायचं. पहाटे दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, पायांत जुने पण चकचकीत बूट. त्या बुटांवर लेंड्या चिकटायच्या आणि रोज संध्याकाळी ते पायरीवर बसून त्या काडीनं काढायचे. चहा बिनसाखरेचा, स्टीलच्या पेल्यात. बसायला घडीचं कापडी स्टूल, जिथं जातील तिथं काखेत. आमच्या घरी सोफा असतानाही स्टूल उघडून बसले होते. आमचे हे म्हणाले, साहेब, आमच्या बसण्यात काही कमी आहे का? तर म्हणाले, "तसं न्हाई. सोफ्यातून उठायला येळ लागतो."

हे त्यांचं बोलणं. तीस-पस्तीस वर्षं देशभर फिरलेला माणूस, इंग्रजी आणि हिंदी सफाईदार, पण मराठी बोलायला लागला की वस्तीवरून गेलेल्या पोराचं मराठी बोलायचा. जित्राब, वाकळ, सांजच्याला, कालच्याला. गावातली तरणी पोरं आता टीव्हीवरचं बोलतात. साहेब मात्र गाव सोडलं त्या दिवशीची भाषा जशीच्या तशी घेऊन परत आले होते.

आणि त्यांची एक सवय. ते मोजायचे.

लग्नाच्या पंगतीत बसलेली माणसं, शाळेच्या सहलीची पोरं, एसटीतून उतरलेली आणि परत चढलेली. आम्ही चौघं त्यांच्याकडं चहाला गेलो की निघताना फाटकापाशी उभे राहून चौघांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "बराबर?" हा त्यांचा शब्द. प्रश्न म्हणून विचारायचे, उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. आपण "बराबर" म्हटलं की मान हलवून आत जायचे. आमचे हे म्हणायचे, ह्या माणसासमोर मरायचीसुद्धा चोरी, ह्यांची हजेरी चुकेल.

पहिल्या वर्षी माझ्या हळदीच्या काढणीला बाळापूरहून बाया यायच्या. संध्याकाळी रफिकचा टेम्पो त्यांना न्यायला यायचा. एकदा टेम्पो भरून निघाला, तर रस्त्याला साहेब स्टूल टाकून बसलेले. त्यांनी हात केला. रफिकला वाटलं, बाळापूरपर्यंत यायचं असेल. साहेबांनी टेम्पोला एक चक्कर मारली, बायांना नीट बसायला सांगितलं, पुन्हा चक्कर मारली आणि म्हणाले, सकाळी उतरल्या तेवढ्या न्हाईत. रफिक वैतागला. "साहब, औरतां हैं, फौज नहीं है," म्हणाला. बायाही हसायला लागल्या. कोण नाही ते कोणालाच सांगता येईना. जी तिथं नव्हती तिला कोण आठवणार? साहेब म्हणाले, कोण ते मला म्हाईत न्हाई, एक कमी हाय. शेवटी मी वावरात परत गेले, तर गयाबाई पल्याडच्या बाभळीखाली पाल्याच्या ढिगाला टेकून गाढ झोपलेली. तिला ताप होता. रात्रभर तिथं राहिली असती तर काय झालं असतं, ते बोलायची गरज नाही, आमच्याकडं लांडगे आहेत. त्या दिवसापासून गयाबाई साहेबांचा शब्द खाली पडू देत नव्हती, आणि रफिक त्यांच्यापुढं न सांगता टेम्पो थांबवायचा.

ही सवय कुठून आली, ते मी बाळापूरला ऐकलं. तिथं शाळेच्या मैदानावर त्यांचा सत्कार ठेवला होता. फेटा, हार, शाल, सगळं रीतसर. साहेब शिपाई म्हणून लागले, मग लष्कराच्या आतल्या परीक्षा देऊन अधिकारी झाले आणि चढत चढत ब्रिगेडियरपर्यंत गेले. शिपायापासून तिथवर पोचणारा माणूस विरळा. ते सगळं भाषण करणाऱ्यांनी सांगितलं. मग शौर्यपदकाची गोष्ट आली. सीमेवरची टेकडी, बर्फ, वरून गोळीबार, साहेब तेव्हा मेजर. जखमी साथीदाराला आणायला जिवाची पर्वा न करता पुन्हा वर गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना माईक दिला.

ते म्हणाले, "सगळी खाली आली असं माझ्या पुढच्या जवानानं मला सांगितलं. अंधार होता. मी त्याच्या शब्दावर चाललो. खाली येऊन मोजलं तर एक कमी. म्हणून परत गेलो. आणला. पण तवर तो गेला होता. वरच मोजलं असतं तर परत जावं लागलं नसतं. परत गेलो म्हणून पदक हाय."

आणि माईक खाली ठेवला. क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग पुन्हा टाळ्या झाल्या, पहिल्यापेक्षा जोरात. साहेबांनी टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघितलं, ते मला अजून आठवतं. चिडलेले नव्हते. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलून झाल्यावर आपण जसं बघतो, तसं. येताना आमच्याच गाडीत होते. वाटेत एवढंच म्हणाले, फेटा लई घट्ट बांधला हो त्यानं.

आता मेंढरांचं. त्यांच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. आजा-पणजापासूनची रीत आहे. मेंढपाळानं जनावर तोंडानं ओळखायचं. दादा जाळीपाशी नुसते उभे राहिले की त्यांना कळतं, कोणतं आलं नाही ते. पण आकडा करायचा नाही. आकडा केला की देव म्हणतो, एवढी हायेत व्हय? मग थोडी मला दे. आम्ही शेतकरी लोक रास मोजतो, पोती मोजतो, आम्हाला ते विचित्र वाटतं. पण ज्याची त्याची रीत.

साहेबांना ही रीत माहीत नव्हती असं नाही. लहानपणी त्यांनीही मेंढरं राखली होती. पण परत आल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी एक मेंढी वाटेत बसली आणि दादा तिच्यापाशी मागं राहिले. कळप साहेबांनी आणला. मी तेव्हा आखाड्यावर, म्हणजे वावरातल्या माझ्या शेडमध्ये, खताची पोती झाकत होते. जाळीचं तोंड त्यांनी अर्धवट उघडलं, पाय आडवा घातला आणि एकेक मेंढरू आत सोडायला लागले. मोठ्यानं मोजत. कवायतीच्या मैदानावर मोजतात तसा आवाज. बांधापलीकडं मला आकडा आणि आकडा ऐकू येत होता. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं काय करतायत ते. अंधार पडत होता, पाऊस येत होता, मागं एक माणूस राहिला होता. तोंड आपोआप सुरू झालं असणार.

दादा मेंढी खांद्यावर घेऊन आले तेव्हा शेवटची काही आत जायची होती. दादांनी मेंढी खाली ठेवली. लिंबाखाली जाऊन पाठ करून बसले. त्याच आठवड्यात लांडग्यानं दोन कोकरं नेली.

लांडगा दरवर्षी नेतो. त्याआधीच्या वर्षीही नेली होती. पण ते सांगून उपयोग नव्हता. दादांनी सकाळी साहेबांना लिंबाखाली बोलावलं. मी ताक घेऊन गेले होते, म्हणून समोर होते. दादा म्हणाले, "माणक्या, आजपासून जाळीच्या आत पाय ठेवू नको. मेंढरामागं बी येऊ नको. तुझं सैन्य न्हाई हे."

साहेब उभे होते तसेच सरळ झाले. "बरं दादा," म्हणाले.

तेव्हापासून हा माणूस रोज संध्याकाळी जाळीच्या बाहेर स्टूल टाकून बसायला लागला. जाळीकडं पाठ करून. कळप यायचा, धूळ उडायची, मेंढरं ओरडत आत जायची, आणि साहेब रस्त्याकडं तोंड करून बसलेले. गावाला चेष्टेला विषय मिळाला. ज्यानं पलटणी चालवल्या त्याला कोकरांच्या वाड्यात बंदी, म्हणायचे. एकदा लष्करातले दोन तरुण अधिकारी जीपमधून त्यांना भेटायला आले होते. त्यातला एक म्हणाला, सर, मेंढरं दाखवा ना. साहेबांनी गंभीर तोंडानं सांगितलं, आत जायची परवानगी नाही, आणि परवानगी देणारे वरिष्ठ आत्ता मेंढरं चारायला गेलेत. पोरं हसली. त्यांना वाटलं, विनोद केला.

मी एकदा विचारलं, काहून पाठ करून बसता? तोंड इकडं केलं तर काय होईल? ते म्हणाले, "तोंड केलं की मोजून होतं हो, शेजारीणबाई. दादाला शब्द दिलाय."

आणखी एकदा, मी न विचारताच, बोलले होते. थंडीचे दिवस होते, जाळीत कोकरं झाली होती, त्यांचा आवाज येत होता. म्हणाले, मला दुसरं काही नको. सांजच्याला एकदा जाळीपाशी उभं राहून बघायचंय, सगळी आली का. झोप लागत न्हाई. मी म्हटलं, दादा बघतातच की. त्यांना एकूणएक तोंड माहीत आहे. "व्हय," म्हणाले. "त्या टेकडीवर माझ्या पुढच्याला बी म्हाईत होतं."

मला असलं अडकलेलं काम आवडत नाही. दोन म्हातारे भाऊ, एका लिंबाखाली चुली, आणि मध्ये जाळी. मी दादांकडं गेले. म्हटलं, किसनदादा, लांडग्याला आकडे येतात का? लांडगा मोजणीवर येतो का?

दादा मेंढीच्या पायातला काटा काढत होते. काढून झाल्यावर म्हणाले, "लांडग्याला न्हाई येत. देवाला येतात."

मग दादांनीच भरतीची गोष्ट सांगितली. तरणे असताना दोघं भाऊ मेंढरं घेऊन हिंगोलीच्या बाजाराला गेले होते. तिथं मैदानावर भरती चालू होती, पोरं पळत होती. माणिक बघत उभा राहिला. दादा म्हणाले, जा, पळून ये जरा, मी हायेच हितं. माणिक अनवाणी पळाला आणि घेतला गेला. परत आला तो मेंढरं विकायची सोडून नाचत. मी विचारलं, दादा, तुम्ही का नाही पळालात? तुम्ही तर त्यांच्याहून उंच, धट्टेकट्टे.

"दोघं बी पळालो असतो, तर मेंढरांपाशी कोन हाय?" दादा म्हणाले. मग मेंढीचा पाय खाली सोडला. "मीच धाडला त्याला. धाडला तवा आमच्यात कोनी मोजत नव्हतं. तिथून मोजायला शिकून आला."

ह्यापेक्षा जास्त ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. सांगून माणूस बदलत नाही, हे मला शेतीत कळलेलं आहे. अशी तीन वर्षं गेली. साहेबांनी तेवढ्यात वस्तीवर नळ आणला, माझ्या विहिरीची मोटार दोनदा दुरुस्त केली, बाळापूरच्या पोरांना भरतीसाठी पळायला शिकवलं. संध्याकाळ झाली की स्टुलावर. पाठ जाळीकडं.

मागच्या वर्षी शेजारच्या गावात एक निवृत्त हवालदार वारले. त्यांना पोलिसांनी हवेत बार उडवून मानवंदना दिली. वारं आमच्याकडचं होतं. बारांच्या आवाजानं कळप उधळला आणि एका मेंढीनं गाभ टाकला. साहेब मला म्हणाले, माझ्या येळी कोनी बार उडवायला आलं तर आधी दादाला विचारा. तो न्हाई म्हनला तर उडवायचे न्हाईत. मी बरं म्हटलं. मरणाची बोलणी माणूस अशीच ऐकतो, भाजी काय करायची ते ऐकल्यासारखी.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते फेब्रुवारी संपता संपता. हळदीचं निम्मं रान रिकामं झालं होतं, आणि त्यावर मेंढरं कधी बसवायची ते दादांना विचारायचं होतं. रिकाम्या वावरात रात्री कळप बसवला की लेंडीखताला तोड नाही. दिवस मावळायला गेले. साहेब स्टुलावर होते, नेहमीसारखे रस्त्याकडं तोंड करून. मला बघून पाय जरा बाजूला घेतले. थकलेले दिसत होते. डॉक्टरांनी बूट घालू नका असं सांगितलं होतं, पायांवर सूज होती, तरी बूट होतेच.

कळप आला. एरवी दादा जाळीचं तोंड मोकळं सोडतात आणि मेंढरं एकमेकांना रेटत आत घुसतात. त्या दिवशी दादांनी तोंड हातभर उघडलं आणि काठी आडवी धरली. काठी वर केली, एक मेंढी आत गेली. काठी खाली. पुन्हा वर. मला वाटलं, एखादी आजारी शोधतायत. मग दादा भावाकडं न बघता म्हणाले, "माणक्या, तोंड इकडं कर. वारं तिकडून हाय."

वारं नव्हतं. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

साहेब उठले, स्टूल फिरवलं आणि जाळीकडं तोंड करून बसले. ओठ मिटलेले होते. हात गुडघ्यावर, आणि उजव्या हाताचं एक बोट पँटच्या शिवणीवर हळू आपटत होतं. काठी वर गेली की बोट खाली. दादा घाई करत नव्हते. मेंढरं मागं ओरडत होती, एकमेकांवर चढत होती, दादांनी त्यांना थांबवून धरलं होतं. शेवटी एक लंगडी मेंढी राहिली. ती आत गेली, काठी खाली आली, बोट थांबलं.

साहेब म्हणाले, "बराबर."

पहिल्यांदाच मी तो शब्द त्यांच्या तोंडून प्रश्नाशिवाय ऐकला.

"बोलू नको," दादा म्हणाले आणि जाळी ओढायला लागले. साहेबांनी उठून बाहेरून जाळीचं दुसरं टोक धरलं. दादांनी आतून गाठ मारली. मी मेंढरं बसवायचं विचारलं, दादा म्हणाले, होळी झाली की बघू. मी घरी आले. मागं वळून बघितलं नाही, दूध तापवायचं होतं.

तर १२ तारीख. साहेब झोपेतच गेले होते. सकाळी बूट पायरीवर दिसले, पण दाढीचं पाणी तापत नव्हतं, म्हणून दादा आत गेले. मी पोचले तेव्हा दादा लिंबाखाली बसलेले होते आणि बाकी सगळं गाव धावपळ करत होतं. तहसीलमधून माणूस आला, पोलीस आले, लष्करातले काही लोक आले. मीरा पुण्याहून निघाली होती. मी चहाचं पातेलं चढवलं. इतक्या माणसांना चहा लागणार, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुपारी एक अधिकारी वहीत काही लिहीत होते, मानवंदनेचं विचारत होते. मला साहेबांचं बोलणं आठवलं. मी त्यांना दादांकडं नेलं आणि सांगितलं, ह्यांना विचारा. दादांनी नीट ऐकून घेतलं. अधिकाऱ्यानं आवाज कसा असतो, किती लांब जातो, ते सांगितलं.

"उडवा," दादा म्हणाले. "त्याच्या नोकरीचं हाय ते. त्यानं कमावलंय." मग माझ्याकडं वळले. "ताई, मेंढ्या गाभण हायेत. तुमच्या पल्याडच्या वावरात नेऊ का? नाल्याकडच्या?"

मी म्हटलं, न्या. रिकामंच आहे.

आजूबाजूची माणसं त्यांना समजावायला लागली. दादा, तुमी थोरले, तुमी हितं पाहिजे. पोरगी वाटेत हाय, तिला कोण? पोरांना धाडा मेंढरांमागं. दादांनी काठी उचलली. आत जाऊन एकदा भावाचं तोंड बघून आले. बाहेर येऊन म्हणाले, "हितं लई माणसं हायेत. मेंढरांपाशी कोन हाय?"

आणि जाळी सोडून कळप घेऊन निघून गेले. गावानं पुढं त्यावर बरंच बोलून घेतलं. ज्यांना हिंगोलीच्या बाजाराची गोष्ट माहीत नाही, ते अजून बोलतात.

मीरा चारच्या सुमारास पोचली. पेटीवर तिरंगा होता, तो घडी करून तिच्या हातात दिला. पदक एका उशीवर ठेवलेलं होतं. तिनंच अग्नी दिला. बार उडाले तेव्हा बायका दचकल्या, कावळे उठले. मी आपल्या हातांकडं बघत होते. हळद अजून नखांत होती. डोळ्यांत पाणी यावं असं सगळं होतं समोर, पण आलं नाही. आवाज नाल्यापर्यंत गेला असेल का, एवढंच मनात येत होतं. मीरानं नंतर मला विचारलं, बाबा संध्याकाळी काय करायचे? मी म्हटलं, स्टुलावर बसायचे, बाहेर. ती म्हणाली, हो, फोनवर तेच सांगायचे, ड्युटीवर आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी कुकर लवकर पेटवायचा होता. निम्मी हळद शिजायची राहिली होती. उजाडता उजाडता मी वावरात गेले, तर नाल्याकडच्या काटेरी कुंपणाला जी फट आहे, तिथं दादा उभे होते. कळप आत, दादा फटीत, काठी आडवी धरलेली. रात्री तिथंच राहिले होते. पटक्यावर दव पडलेलं.

"ताई, जरा उभ्या राहा," म्हणाले.

मी उभी राहिले.

"मोजा."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, दादा, तुम्हाला तर तोंडानं कळतं. आणि तुमच्यात मोजत नाहीत.

"मला कळतं. सगळी हायेत," दादा म्हणाले. "तरी मोजा. तोंडात आकडा आणू नका."

त्यांनी काठी वर केली. एक मेंढी बाहेर आली. काठी खाली. मी बोटांची पेरं धरून मोजायला लागले. ऊन पडेपर्यंत चाललं. मेंढरं एकामागून एक माझ्या पायांशी घासून जात होती, दादा एकालाही घाई करत नव्हते. शेवटी लंगडी आली. ती बाहेर पडली, काठी खाली आली, मी थांबले.

दादांनी माझ्याकडं बघितलं.

"बराबर?"

माझ्या मनात एक आकडा होता. पण किती असायला हवीत, ते मला माहीत नव्हतं. दादांनी कधी मोजली नव्हती. तो आकडा एकाच माणसाला माहीत होता.

"बराबर," मी म्हटलं.

दादांनी मान हलवली, काठी खांद्यावर घेतली आणि कळपाच्या मागं चालायला लागले. मी आखाड्यावर गेले, पाणी भरलं, कुकर पेटवला. बाया आल्या तशा त्यांना ड्रम भरायला लावलं.